पाया खोदताना अर्ध्या मीटरवर खडक लागला, आता काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. उतारावरचा प्लॉट आहे, तळमजला आणि वर एक मजला बांधायचा आहे, एकूण १२ कॉलम. नकाशात सगळे फुटिंग, म्हणजे कॉलमखालचे काँक्रीटचे रुंद पाये, दीड मीटर खोल दाखवलेत. चार कोपऱ्यांना खड्डे घेऊन पाहिलं, तर वरच्या बाजूच्या दोन खड्ड्यांत ४०-५० सें.मी. वरच खडक लागला. खालच्या बाजूला दोन मीटर गेलं तरी माती आणि मुरूमच. ठेकेदाराचं म्हणणं, "खडक लागला म्हणजे काम सोपं झालं. वर खडकावरच फुटिंग टाकू, खाली नकाशाप्रमाणे दीड मीटरवर थांबू." घरातले एक जाणते गृहस्थ म्हणतात की नकाशात दीड मीटर लिहिलंय, तर खडक फोडून तेवढं खोल जायलाच हवं. कोणाचं ऐकायचं? शिवाय कंपाउंडच्या भिंतीचं काय?

मी गेली बरीच वर्षं पायाचीच कामं करतो आहे. त्या अनुभवावरून सांगायचं तर दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. पण ज्या गोष्टीने घराला तडे जातील, ती दोघांच्याही बोलण्यात आलेली नाही. खडक किती वर लागला हा तुमचा खरा प्रश्न नाही. अर्धं घर खडकावर आणि अर्धं मातीवर बसणार आहे, हा खरा प्रश्न आहे. तो सुटला की बाकीचं सोपं आहे.

आधी त्या दीड मीटरबद्दल. पाया खोल का नेतात? वरची माती मोकळी असते, तिच्यात मुळं, बिळं, कुजलेला पाला असतो. काळ्या चिकण मातीसारखी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते, तो खेळ चालतो त्या थराच्या खाली जायचं असतं. थंड प्रदेशांत जमिनीतलं पाणी गोठून माती वर उचलली जाते, त्या थराच्याही खाली जायचं असतं. पावसाच्या पाण्याने पायाजवळची माती वाहून गेली तरी फुटिंग उघडं पडू नये, हे एक कारण. आणि फुटिंगच्या बाजूला जितकी माती जास्त, तितकी फुटिंगखालची माती बाजूला सरकायला कमी वाव मिळतो, म्हणून खोल गेल्यावर मातीची ताकदही वाढते.

आता ही सगळी कारणं अखंड, पक्क्या खडकाला लावून पाहा. तो फुगत नाही, आकसत नाही, वाहून जात नाही, बाजूला सरकत नाही. म्हणजे दीड मीटर हा आकडा मातीसाठी होता. खडक फोडून तो आकडा गाठण्यात काही मिळत नाही, उलट चांगला खडक खिळखिळा करण्याचा धोका असतो. इथे ठेकेदाराचं बरोबर आहे. फक्त "खडकावर थेट कॉलम उभा करू, फुटिंग कशाला" असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. कॉलमच्या सळ्यांना काँक्रीटमध्ये धरून राहायला पुरेशी जाडी लागते, कॉलमचा भार खडकाच्या उंचसखल पृष्ठभागावर सारखा पसरावा लागतो, आणि वारा किंवा भूकंप इमारतीला बाजूने ढकलतो तेव्हा पाया घसरू नये, हेही पाहावं लागतं. फुटिंग लागतंच, पण लहान चालतं.

किती लहान? अशा घरातल्या मधल्या एका कॉलमवर समजा ४० टन भार येतो. मातीची सुरक्षित धारणक्षमता, म्हणजे ती न खचता पेलू शकेल असा भार, १५ टन प्रति चौरस मीटर धरली तर फुटिंगला २.६७ चौरस मीटर जागा लागते, म्हणजे साधारण १.६५ मीटर बाजूचा चौरस. त्याऐवजी खाली थोडा झिजलेला पण सलग खडक असेल आणि त्याची क्षमता १०० टन धरली, तर ०.४ चौरस मीटर पुरतं. म्हणजे ६५ सें.मी. चा चौरस. ताजा, कठीण, भेगा नसलेला खडक तर ३०० टनांच्याही पुढे जातो. ताजा बेसाल्ट दाबाखाली आपल्या नेहमीच्या एम-२० काँक्रीटपेक्षा कितीतरी पट जास्त ताकद दाखवतो, तेव्हा तिथे कमजोर दुवा काँक्रीटच असतो. तरीही मी १ मीटरपेक्षा लहान फुटिंग सहसा टाकत नाही. थोडंफार काँक्रीट वाचवण्यासाठी कॉलम फुटिंगच्या मध्यावरून जरा इकडेतिकडे झाला तरी चालेल अशी सवड घालवणं मला पटत नाही.

आता मुद्द्यावर येतो.

खडकावरचं फुटिंग भार आल्यावर जवळजवळ बसतच नाही. फार तर एखादा मिलिमीटर. मातीवरचं फुटिंग, सगळं नीट केलं असलं तरी, १५-२० मि.मी. बसू शकतं. सुट्या फुटिंगांसाठी एकूण २५ मि.मी. पर्यंतचं बसणं चालतं असं जगभर मानलं जातं. ते चालतं, कारण सगळी फुटिंगं साधारण सारखीच बसतात आणि घर एकसंध खाली येतं. तुमच्याकडे एक कॉलम १ मि.मी. बसेल आणि चार मीटरवरचा शेजारचा कॉलम २० मि.मी. बसेल. फरक १९ मि.मी., अंतर ४,००० मि.मी. म्हणजे २१० मध्ये १ असा कल. भिंतींना तडे जाण्याची मर्यादा साधारण ३०० मध्ये १ मानतात आणि तडे नकोच असतील तर ५०० मध्ये १ च्या आत राहावं लागतं. म्हणजे दोन्ही बाजूंची फुटिंगं आपापल्या जागी नियमाप्रमाणे आणि मजबूत असूनही तुमच्या घराच्या मधल्या भिंतींना तिरपे तडे जाणार. खिडकीच्या कोपऱ्यातून निघून वर जाणारे. ते प्लास्टरने बुजत नाहीत, दर वर्षी पुन्हा उघडतात.

म्हणून ठेकेदाराचा "वर खडकावर, खाली मुरमावर" हा बेत मी मान्य करणार नाही.

त्याच्याही आधी एक गोष्ट तपासा. वर जे लागलंय ते खरंच खडक आहे का? की मोठा धोंडा आहे? हे मी आग्रहाने विचारतो, कारण मी स्वतः इथे फसलो आहे. उमेदवारीच्या काळात एका दुमजली इमारतीच्या कोपऱ्यातल्या खड्ड्यात सव्वा मीटरवर पहार खणकन वाजली. खड्डाभर सलग दगड, वरून साफ, भेग नाही. मी वहीत "पक्का खडक" लिहिलं आणि फुटिंग ओतलं. पहिल्याच पावसाळ्यानंतर त्या कोपऱ्यात जिन्याच्या भिंतीला तिरपा तडा गेला. बाजूने खोदून पाहिलं तेव्हा कळलं की तो सव्वा मीटर जाडीचा एकच धोंडा होता आणि त्याच्याखाली ओली चिकण माती होती. धोंड्याच्या दोन बाजूंनी टप्प्याटप्प्याने खाली जाऊन काँक्रीटचे आधार द्यावे लागले. तिथे लोक राहायला आले होते आणि त्या दीड महिन्यात त्यांना जो त्रास झाला तो मी विसरलेलो नाही. एका भोकाने हे सगळं टळलं असतं.

ते भोक असं घ्यायचं. प्रत्येक फुटिंगच्या जागी, निदान खडकाच्या बाजूच्या प्रत्येक खड्ड्यात, जॅकहॅमरला लांब रॉड लावून किंवा लहान ड्रिल मशीनने तीन मीटर खोल भोक पाडा. ड्रिल किती वेगाने खाली जातं त्याकडे लक्ष ठेवा. पक्क्या खडकात वेग कमी आणि एकसारखा असतो. मध्येच रॉड पटकन घसरला तर तिथे मातीचा थर, मोठी भेग किंवा पोकळी आहे. बाहेर पडणाऱ्या भुकटीचा रंग बघा. करडी किंवा काळसर भुकटी अचानक तांबडी-पिवळी झाली तर खडक संपून झिजलेला थर किंवा माती लागली. लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी कधी तांबड्या मातीचा पट्टा असतो. वरचा थर कितीही कठीण असला तरी तो पट्टा किती खाली आहे आणि किती जाड आहे हे कळायला हवं. चुनखडीच्या प्रदेशात तर हे भोक टाळूच नका. पाण्यात विरघळून तिथे जमिनीखाली पोकळ्या होतात आणि वर पाहून काही कळत नाही.

गोलसर धोंड्यांची दुसरी खूणही लक्षात ठेवा. बेसाल्ट आणि ग्रॅनाइट झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखे सुटत जातात आणि मधला गाभा कठीण गोळ्यासारखा शिल्लक राहतो. खड्ड्याच्या भिंतीत मुरमात रुतलेले असे गोळे दिसले, तर तळाशी लागलेला "खडक" असाच एक मोठा गोळा असण्याची शक्यता धरून चाला. घणाचा ठोका घालून ऐका. खणखणीत, घण उसळवणारा आवाज चांगला. बद्द किंवा पोकळ आवाज आला तर खाली बघायलाच हवं. पण नुसत्या आवाजावर निकाल देऊ नका. माझा तो धोंडाही खणखणीतच वाजला होता.

खडक आहे हे नक्की झालं की तो कसा आहे हे बघायचं. खडकाच्या एका तुकड्याची ताकद आणि जमिनीतल्या अख्ख्या खडकाची ताकद या वेगळ्या गोष्टी आहेत. सगळा खेळ भेगांचा असतो. किती आहेत, किती अंतरावर आहेत, कोणत्या दिशेला कलल्या आहेत, त्यांच्यात माती भरली आहे का. मोठ्या कामात ड्रिलने खडकाचे गाभे, म्हणजे कोअर, काढतात आणि १० सें.मी. पेक्षा लांब तुकड्यांची बेरीज एकूण ड्रिल केलेल्या लांबीच्या किती टक्के आहे ते मोजतात. त्याला आरक्यूडी म्हणतात, अमेरिकी अभियंते डॉन डीअर यांनी १९६० च्या दशकात ही पद्धत रूढ केली. ७५ टक्क्यांच्या वर असेल तर खडक चांगला, ५० च्या खाली गेला की सावध, २५ च्या खाली तर त्याला घट्ट मुरूम समजूनच पाया काढावा. दोन मजल्यांच्या घराला कोअर काढायलाच हवेत असं मी म्हणणार नाही. पण खड्डा पाण्याने धुऊन भेगा उघड्या डोळ्यांनी मोजायलाच हव्यात. पहारीने उकरून ढेकळं निघत असतील तर तो झिजलेला थर काढून टाका. पहार लागत नाही आणि टिकाव नुसता ओरखडा काढतो, तिथे थांबा.

भेगांची दिशा उतारावर फार महत्त्वाची. दक्षिण फ्रान्समधलं मालपासे धरण २ डिसेंबर १९५९ च्या रात्री पहिल्यांदाच पूर्ण भरत आलं असताना फुटलं आणि ४०० हून अधिक माणसं गेली. धरणाचं काँक्रीट चांगलं होतं. डाव्या काठाखालचा नाइस नावाचा पट्टेदार खडक त्याच्या थरांच्या आणि एका भ्रंशाच्या, म्हणजे खडक जिथे तुटून सरकलेला असतो त्या भेगेच्या, बाजूने, आत दाटलेल्या पाण्याच्या दाबाखाली, पाचरीसारखा सुटला. घराचा भार धरणाच्या मानाने काहीच नाही, हे खरं. पण खडकाचे थर उताराच्याच दिशेने खाली कलले असतील आणि तुम्ही पायथ्याशी पार्किंगसाठी किंवा रस्त्यासाठी तो उतार कापणार असाल, तर वरचा खडक त्या थरांवरून घसरू शकतो. भिंत मजबूत करून तो थांबत नाही. थर डोंगराच्या आत कलले असतील तर काळजी बरीच कमी. तुमच्या खड्ड्यात भेगा कोणत्या दिशेला उतरतात ते कंपास नसला तरी पाणी ओतून कळतं.

आता तुमच्या घराचा उपाय. चार मार्ग आहेत आणि कोणता योग्य ते खालच्या बाजूला खडक किती खोल आहे यावर ठरेल. ते अजून माहीत नाही. दोन मीटरला सापडला नाही, एवढंच कळलंय. म्हणून पहिलं काम, खालच्या बाजूला खड्डा किंवा भोक आणखी खाली नेऊन खडक शोधणं.

खडक तीन मीटरच्या आत असेल तर माझा कल एकाच मार्गाकडे आहे. सगळेच कॉलम खडकावर टेकवा. खालच्या बाजूला खड्डा खडकापर्यंत न्या, तळ साफ करा आणि फुटिंगच्या पातळीपर्यंत साध्या काँक्रीटने भरून आणा. हवं तर त्यात स्वच्छ धुतलेले मोठे दगड काँक्रीटमध्ये पूर्ण बुडतील असे बसवा. त्या काँक्रीटवर वरच्या बाजूसारखंच फुटिंग. १.२ मीटरच्या चौरसात दीड मीटर उंचीचा असा ठोकळा भरायला साधारण २.२ घनमीटर काँक्रीट लागतं. सहा कॉलम असतील तर १३ घनमीटर. शिवाय खडकावर टेकल्यामुळे तिकडची १.६५ मीटरची मोठी फुटिंगं लहान होतात, त्यात काही सळई आणि काँक्रीट परत मिळतं. दीड मीटरहून खोल खड्ड्यात माणूस उतरवण्याआधी बाजूंना फळ्यांचा आधार द्या किंवा बाजू उताराने कापा. मुरमाची भिंत उभी राहिलेली दिसते, पण कोसळते तेव्हा सूचना देत नाही.

काँक्रीटचा ठोकळा करण्याऐवजी खोल फुटिंगवरून कॉलमच लांब आणला तर स्वस्त पडेल, असं कोणीतरी सुचवेल. त्यावर थोडं थांबून विचार करा. वरच्या बाजूला फुटिंगपासून प्लिंथपर्यंत, म्हणजे जोत्यापर्यंत, कॉलम ६० सें.मी. चा आणि खालच्या बाजूला दोन मीटरचा झाला तर भूकंपात काय होतं? कॉलम जितका आखूड तितका ताठ, आणि हा ताठपणा लांबीच्या घनाच्या उलट प्रमाणात बदलतो. लांबी निम्मी झाली तर ताठपणा आठपट. दोन मीटर आणि साठ सें.मी. च्या कॉलममध्ये हा फरक तीसपटीच्याही वर जातो. इमारत बाजूला हलली की ताठ कॉलम सगळा धक्का स्वतःवर ओढून घेतात. म्हणजे खडकावरचे, सर्वांत भक्कम वाटणारे आखूड कॉलमच आधी तिरपे फुटतात. उतारावरच्या इमारतींचं भूकंपात होणारं नुकसान पाहिलं की हा प्रकार वारंवार दिसतो. ठोकळ्याच्या पद्धतीत सगळी फुटिंगं जवळपास एका पातळीवर येतात, कॉलम सारख्या लांबीचे होतात आणि ही अडचण मुळातच राहत नाही. म्हणून मी काँक्रीटचा खर्च मान्य करतो. प्लॉटचा उतार जास्त असल्याने लांबी सारखी करणं शक्यच नसेल, तर आखूड कॉलमना पूर्ण उंचीभर जवळजवळ रिंगा द्यायला आणि दोन्ही दिशांनी टाय बीम, म्हणजे कॉलम एकमेकांना बांधणाऱ्या आडव्या तुळया, घ्यायला डिझाइन करणाऱ्याला सांगा. हे नकाशात लिहून घ्या. साइटवर तोंडी सांगितलेलं टिकत नाही.

खडक तीन मीटरच्या खाली असेल तर ठोकळे परवडत नाहीत, उघडे खड्डेही धोक्याचे होतात. तिथे त्या बाजूला ड्रिल करून खडकात टेकणारे लहान पाइल, म्हणजे जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब, आणि त्यांच्यावर बीम. पाइल खडकात थोडा आत रुतलेला हवा, नुसता टेकलेला नको.

इमारत लांबट असेल तर तिसरा मार्ग. जिथे खडक संपून माती सुरू होते त्या रेषेवर पायापासून छतापर्यंत सांधा ठेवून दोन भाग स्वतंत्र करायचे, दोन्हीकडे वेगळे कॉलम. दोन भाग आपापल्या परीने बसले तरी तडा ठरलेल्या जागी राहतो. पण १२ कॉलमच्या घराला ही कसरत मोठी होते, तुम्हाला मी ती सुचवणार नाही.

चौथा मार्ग काही जुने लोक वापरतात. खडकाच्या बाजूला खडक थोडा जास्त फोडायचा आणि फुटिंगखाली ३० ते ५० सें.मी. जाडीची खडीमिश्रित वाळूची गादी दाबून भरायची, म्हणजे तिकडचं फुटिंगही थोडं बसेल आणि फरक कमी होईल. तत्त्व चुकीचं नाही आणि हलक्या बांधकामाला चालतंही. पण दोन्हीकडचं बसणं नेमकं जुळवणं हाताबाहेरचं आहे, आणि खडकातल्या खड्ड्यात पाणी साचून गादी मऊ होऊ शकते. मी हा मार्ग अगदी शेवटी ठेवतो.

म्हणजे आत्तापर्यंतचं एवढं: वर खडक फोडून दीड मीटर जायची गरज नाही, खाली दीड मीटरवर मुरमात थांबायचं नाही, आणि दोन्हीकडे तो खडकच आहे याची भोक पाडून खात्री करायची.

खडकाचा माथा सपाट क्वचितच असतो. तिरक्या खडकावर फुटिंग ओतलं तर ते घसरायला बघतं. म्हणून फुटिंगच्या जागेत खडक पायऱ्या-पायऱ्यांनी आडवा कापून घ्या, किंवा किंचित आतल्या, म्हणजे डोंगराच्या, बाजूला कललेला ठेवा. लहानसहान खळगे पातळीत आणायला पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट, पुरतं. एका फुटिंगचा अर्धा भाग खडकावर आणि अर्धा मातीवर येत असेल तर तो तसा कधीच ठेवू नका. सबंध घराला जे लागू आहे तेच एका फुटिंगला लागू आहे, माती काढा आणि काँक्रीट भरा.

खडकात सळ्या रोवायच्या का, हे परिस्थितीवर आहे. सपाट खडक, दोन मजले, वादळी वाऱ्याचा भाग नाही, तर फुटिंगचं वजन आणि घर्षण पुरतं. उतार असेल, भूकंपाचा प्रदेश असेल, किंवा हलकं छप्पर वाऱ्याने उचललं जाण्याची भीती असेल तर रोवा. १६ मि.मी. च्या सळईला ३० मि.मी. च्या आसपासचं भोक, निदान ४५ ते ६० सें.मी. खोल, आणि ती खोली चांगल्या खडकात मोजायची. भोक हवेच्या दाबाने साफ करायचं, मग आधी ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरायचं आणि सळई फिरवत आत घालायची. भुकटी आत राहिली तर सळई खडकाला नाही, भुकटीला चिकटते. एखादी सळई ओढून तपासा.

भूकंपाचा विषय निघालाच आहे तर एक चांगली बाजूही सांगतो. खडकावरच्या घराला जमिनीचं हलणं वाढून मिळत नाही. १९ सप्टेंबर १९८५ च्या मेक्सिकोच्या भूकंपात केंद्रापासून साडेतीनशे किलोमीटरहून दूर असलेल्या मेक्सिको सिटीत, जुन्या सरोवराच्या मऊ गाळावरच्या इमारती कोसळल्या. त्याच शहरात कठीण जमिनीवरच्या इमारतींना फारसा धक्का बसला नाही. म्हणूनही सगळे कॉलम खडकावर नेण्यात तुमचा फायदा आहे.

खडक कापायचाच झाला तर सुरुंग लावू नका. जेवढा खडक निघतो त्याच्याखालचाही फुटतो, बंद भेगा उघडतात आणि शेजारच्या घरांना हादरे बसतात. ब्रेकरने वरचा भाग काढा आणि शेवटचे २०-३० सें.मी. हलक्या ब्रेकरने किंवा छिन्नी-घणाने. शेजारी घर अगदी चिकटून असेल तर भोकांत भरायची फुगणारी चुन्याची भुकटी मिळते. पाणी घालून भरली की साधारण एका दिवसात ती आवाज न करता खडक तडकवते. जास्त कापलं गेलं तर तो खड्डा काँक्रीटनेच भरा, मुरमाने किंवा कपचीने नाही. शेल किंवा मडस्टोनसारखा खडक उघडा पडल्यावर ऊन-पाण्याने दोन दिवसांत भुसभुशीत होतो. तिथे शेवटचा थर काढला त्याच दिवशी वर पाच-सात सें.मी. पीसीसी टाकून झाकून घ्या.

काँक्रीट ओतण्याआधीची स्वच्छता बहुतेक साइटवर सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. खड्ड्यातली सैल कपची, चिखल, भुकटी सगळं काढून तळ पाण्याने आणि ब्रशने धुवा, हवेचा कॉम्प्रेसर असेल तर उत्तम. भेगांत भरलेली माती भेगेच्या रुंदीच्या दोन-तीन पट खोल उकरून तिथे मॉर्टर भरा. खडक ओलसर हवा, पण वर पाणी साचलेलं नको. खड्डा हाताने पुसून पाहावा, हाताला चिखल लागला तर अजून धुवा.

पाण्याचा विचार वेगळा करायला हवा, कारण उथळ खडकावरच्या घरांच्या तक्रारी बहुतेक ओलीच्या असतात. खडक पाणी शोषत नाही. वरच्या उतारावरचं पावसाचं पाणी मातीतून खाली येतं, खडकावर अडतं आणि त्याच्या माथ्यावरून वाहत थेट तुमच्या जोत्याशी पोचतं. खडकात खोदलेला प्रत्येक खड्डा म्हणजे टाकी, पाण्याला बाहेर जायला वाट नसते. म्हणून घराच्या वरच्या बाजूला खडकापर्यंत पोचणारा चर खणा, त्यात खडी आणि छिद्रांचा पाइप टाकून पाणी बाजूने खाली काढून द्या. जोतं जरा उंच घ्या. खोल्यांतली जमीन अर्धी खडकावर आणि अर्धी भरावावर येणार असेल तर भराव १५-२० सें.मी. च्या थरांत पाणी मारून दुरमुसाने किंवा रोलरने नीट दाबा, नाहीतर कॉलम शाबूत राहून फरशी मधोमध खचेल.

सांडपाण्याचे पाइप आत्ताच आखा. १०० मि.मी. च्या पाइपाला साधारण १०० मध्ये १ उतार लागतो, म्हणजे २० मीटर लांबीत २० सें.मी. खोली वाढते, आणि तो चर खडकात पडतो. पाया ओतून झाल्यावर शेजारी ब्रेकर चालवण्यापेक्षा हे चर फुटिंगच्या आधी काढून ठेवा. शोषखड्डा खडकात काम करत नाही, त्याची जागा मातीच्या बाजूला शोधा. विजेचं अर्थिंगही विसरू नका. खडकातून वीज जमिनीत नीट उतरत नाही, तेव्हा अर्थिंगचा खड्डा खालच्या बाजूच्या ओलसर मातीत घ्या आणि इलेक्ट्रिशियनकडून रोध मोजून घ्या.

कंपाउंडच्या भिंतीचं उत्तर सोपं आहे. वरच्या बाजूला खडक साफ करून, हवं तिथे पायऱ्या कापून, त्यावर थेट काँक्रीटची पट्टी आणि भिंत. भिंत उंच असेल किंवा मागे माती धरायची असेल तर दर मीटर-सव्वा मीटरवर खडकात सळई रोवा, आणि मागचं पाणी बाहेर पडायला भिंतीत भोकं ठेवा. खालच्या बाजूला मातीत नेहमीसारखा पाया चालेल, भिंतीला घराएवढी काळजी नको. फक्त जिथे खडक संपतो त्या जागी भिंतीत उभा सांधा सोडा. तो सांधा कुठे यायचा ते चर खोदताना दिसेल. त्याच दिवशी दोन्ही बाजूंना खुणा करून ठेवा, कारण एकदा माती भरली की ती रेषा पुन्हा कोणालाच सापडत नाही.